मूल हुशार आहे, एक इयत्ता पुढे बसवू का? पालकांचे नेहमीचे प्रश्न

वार्षिक निकाल लागले की शाळेच्या व्हरांड्यात दोन तऱ्हेचे पालक थांबलेले दिसतात. एकांना मूल वरच्या वर्गात गेल्याचा आनंद असतो, दुसऱ्यांना ते एकच वर्ग वर गेल्याची खंत. खालचे प्रश्न दुसऱ्यांचे आहेत आणि उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक हुशार मुलांना वर्ष गाळायची गरज नसते, एखादा विषय पुढचा द्यायची असते. पण फार थोड्या मुलांना वर्षच पुढे न्यावं लागतं आणि त्यांना केवळ वयाकडे बोट दाखवून अडवून धरणंही बरं नव्हे.

डबल प्रमोशन मागितलं तर मिळतं का?

हक्काने मागावं असं कायद्यात काही नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो त्यात, वयानुरूप वर्गाची तरतूद आहे. पण ते कलम ४ आहे शाळेत कधी न गेलेल्या किंवा मधेच शाळा सुटलेल्या मुलांसाठी. ऊसतोडीच्या फडावरून आलेली दहा वर्षांची मुलगी दाखल झाली तर तिला पहिलीत बसवायचं नाही, तिच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं, असा त्याचा अर्थ. हुशार मुलाला वर चढवण्याबद्दल कायदा गप्प आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, फेरपरीक्षा आली, तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवणं आलं. मागे ठेवायची वाट अशी आखून दिलेली आहे, पुढे न्यायची नाही.

म्हणून मुख्याध्यापक कचरतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन नोंदीत मूल दरवर्षी एकेक इयत्ता पुढे सरकतं. मधली एक इयत्ता गायब दिसली की शाळा बदलताना, दाखला काढताना कोणीतरी विचारणारच. करायचंच ठरलं तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी हातात घेऊन करा. ‘अहो, तोंडी चालतं’ असं सांगणारा माणूस तुमचं मूल दहावीचा फॉर्म भरेल तेव्हा त्या शाळेत असेलच असं नाही.

आमच्या आजोबांना मास्तरांनी एका वर्षात दोन इयत्ता चढवलं होतं. तेव्हा चालायचं, मग आता का नाही?

तेव्हा वयाचा हिशेबच सैल होता. जून उजाडला की मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करायचे. जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नसायची, मग रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. गावाकडच्या साठी-सत्तरीच्या इतक्या माणसांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात ते त्यामुळे; १ जूनला व्हॉट्सअॅपवर शुभेच्छा देता देता पुरेवाट होते. अशा पहिलीत सहा वर्षांचा आणि नऊ वर्षांचा एकाच बाकावर. त्यातला एखादा चुणचुणीत पोरगा सहामाहीनंतर वर चढला, तर तो बहुधा आपल्या वयाच्या पोरांतच जाऊन बसायचा. आजच्या वर्गातली मुलं साधारण एका वर्षाच्या आतली असतात. तिथून वर गेलेलं मूल थेट मोठ्यांत जातं.

आमची मुलगी जानेवारीतली आहे. चार दिवसांनी पहिलीचा प्रवेश हुकतो. तिला सगळं वाचता येतं. काही होईल का?

नाही. महाराष्ट्रात पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही पहिलीचं वय सहाच धरलं आहे. केंद्रीय विद्यालयांनी पहिलीचं वय सहावर नेलं तेव्हा काही पालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते; २०२२ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली.

खरं तर वर्ष गाळण्याबद्दल विचारणाऱ्या पालकांपैकी बरेचसे याच गटातले असतात. मूल फार पुढे आहे म्हणून नव्हे, तारीख चार दिवसांनी हुकली म्हणून. तुमची मुलगी पुढच्या जूनमध्ये वर्गातली सगळ्यात मोठी असेल आणि त्यात तोटा असा काही नाही. पाच-साडेपाचव्या वर्षी वाचता येतं, पण ओळीत लिहायचं म्हटलं की बोटं दुखतात, रडू येतं. पहिलीत काम बोटांचं जास्त असतं. आणि जन्मदाखल्यावरची तारीख ‘जरा मागे करून’ देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ती तारीख आयुष्यभर आधारपासून पासपोर्टपर्यंत निस्तरावी लागते.

एक वर्ष पुढे गेलं तर दहावी-बारावीला, नीटला वयाची अडचण येते का?

हिशेब करून बघू. समजा मूल २०१५ सालचं आहे, महिना कोणताही असो. ते जून २०२१ मध्ये पहिलीत आलं आणि सरळ चालीने २०३३ मध्ये बारावी होईल. एक इयत्ता गाळली तर २०३२ मध्ये. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात. २०१५चं मूल डिसेंबर २०३२ अखेर सतरा पूर्ण करतंच, अगदी ३१ डिसेंबरला जन्मलेलं असलं तरी. म्हणजे एका वर्षाने नीट अडत नाही. दोन गाळली तर मात्र अडते, आणि मग गाळलेल्यातलं एक वर्ष घरी बसून फेडावं लागतं.

जेईई मेनला किमान वयाची अट नाही. यूपीएससीला १ ऑगस्टला एकवीस पूर्ण हवेत; लवकर पदवीधर झालेला तिथे थांबतोच. गिअरच्या गाडीचं लायसन्स आणि मतदान अठराला, त्यात सवलत नाही.

कागदावर भागलं तरी एक गोष्ट फॉर्ममध्ये दिसत नाही. डिसेंबरचं मूल एक वर्ष गाळून गेलं तर दहावीला सव्वाचौदा वर्षांचं असतं आणि वर्गातली मोठी मुलं सव्वासोळाची. बारावीनंतर हॉस्टेलला जायचं तेव्हा ते साडेसोळाचं असतं. मेसचं जेवण, लोकल, रात्री उशिराची सबमिशन्स, वरच्या वर्गातली मुलं. यातलं काहीच अशक्य नाही, पण चौथीतल्या लेकराकडे बघताना हे कोणाच्या डोक्यात नसतं, म्हणून लिहिते.

आमचा मुलगा नेहमी पहिला येतो. तो पुढच्या वर्गाला तयार आहे ना?

पहिला येणं हा पुरावा नाही. पहिला येणारा मुलगा दिलेला अभ्यास नीटनेटका, वेळेत आणि न चुकता करतो. तो त्याच्या इयत्तेत अगदी योग्य जागी बसलेला असतो. खरोखर पुढे असलेलं मूल कधी कधी पहिलं येतही नाही.

तिसरीतल्या एका मुलाची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. गुणाकाराची वीस उदाहरणं फळ्यावर. याने पहिली सहा सोडवली, सगळी बरोबर, आणि मग थांबला. उरलेल्या पानावर समासापासून समासापर्यंत चौकटी आखून त्यात संख्या भरल्या होत्या. बाईंनी ‘अपूर्ण’ असा लाल शेरा मारला. त्याला विचारलं तर म्हणाला, नऊच्या पाढ्यातल्या अंकांची बेरीज दर वेळी नऊ येते, म्हणून सत्तावीसच्या पाढ्याचं काय होतं ते बघत होतो. चाचणीत त्याला वीसपैकी अकरा. शेजारच्या बाकावर वीसपैकी वीसवाली मुलगी होती आणि तिचे आईवडील डबल प्रमोशनची चौकशी करून गेले होते.

तेव्हा गुणांपेक्षा दुसरं काही बघा. नवा धडा तो किती वेळात आपलासा करतो? एकदा सांगितल्यावर पुढचा प्रश्न स्वतः विचारतो का? वरच्या वर्गाचं पुस्तक तुम्ही हातात दिलं की त्याने ताईच्या दप्तरातून काढलं? आणि हे एकाच विषयात आहे की सगळ्यांत? गणितात दोन वर्षं पुढे आणि मराठी लेखनात आपल्याच वर्गाचा, अशीच मुलं जास्त दिसतात.

बुद्ध्यंक चाचणी करून घ्यावी का?

वर्ष गाळायचा विचार गंभीर असेल तर जरूर. पण प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून, समोरासमोर, मुलाच्या भाषेत. मोबाइलवरची दहा मिनिटांची प्रश्नमंजूषा म्हणजे चाचणी नव्हे. बोटांचे ठसे बघून बुद्धी सांगणारे तर निव्वळ पैसे काढतात. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. डॉ. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, ती आजही बिने-कामत म्हणून वापरात आहे. नागपूरच्या डॉ. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी दवाखान्यांतून नेहमी वापरली जाते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं कामच १९६२ पासून बुद्धिमान मुलांभोवती उभं आहे आणि तिथली मानसशास्त्र संस्था बुद्धीच्या निरनिराळ्या पैलूंची चाचणी घेते.

अहवाल हातात आला की एकूण आकड्यावर थांबू नका. भाषेचे, तर्काचे, स्मरणाचे, वेगाचे भाग वेगवेगळे समजावून घ्या. वर्ष गाळायचं की विषय पुढे न्यायचा याचं उत्तर पुष्कळदा त्यातच असतं. आणि तो आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

लहान मूल मोठ्यांत गेलं की मागे पडतं असं संशोधन सांगतं म्हणे?

दोन वेगळी संशोधनं एकात मिसळतात, त्याचा हा घोळ. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना चंचलतेचा विकार (एडीएचडी) असल्याचं निदान जास्त प्रमाणात होतं, हे कॅनडा, तैवान, अमेरिका अशा देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. नुसतं वयाने लहान असणं तिथे विकार म्हणून मोजलं गेलं, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण तो अभ्यास सर्वसाधारण मुलांचा. असाधारण बुद्धीच्या, नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांबद्दल अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये मोठा अहवाल निघाला. अशा मुलांना पुढे नेल्याने अभ्यासात फायदा होतो आणि मैत्री-स्वभावात सरसकट नुकसान होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी अतिशय उच्च बुद्ध्यंकाच्या साठ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. वर्गातच अडकवून ठेवलेल्यांपेक्षा पुढे नेलेली मुलं जास्त समाधानी दिसली.

म्हणजे ‘मूल एकटं पडेल’ हे कारण सरसकट चालत नाही. कित्येकदा ते आधीच एकटं पडलेलं असतं, आपल्याच वयाच्या चाळीस मुलांत. मात्र ग्रॉस यांची मुलं दहा हजारांतही जेमतेम एखादं सापडावं अशी होती. आपल्या सोसायटीतल्या दर मजल्यावर एक सापडतं असं मानायचं कारण नाही.

वर्ष न गाळता काय करता येईल?

इथे पुष्कळ काही करता येतं, म्हणून जरा सविस्तर.

गणितज्ञ टेरेन्स ताओ यांचं उदाहरण सगळे देतात ते चुकीच्या कारणासाठी. ॲडलेडचा हा मुलगा नवव्या वर्षी विद्यापीठातल्या गणिताच्या वर्गांना बसत होता. १९८६, ८७ आणि ८८ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये ओळीने कांस्य, रौप्य आणि सुवर्ण. २००६ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च समजला जाणारा मान. पण त्याला उचलून एकदम वरच्या वर्गात टाकलं नव्हतं. वेगवेगळ्या विषयांसाठी तो वेगवेगळ्या इयत्तांत बसत होता, गणित-विज्ञान बरंच पुढचं आणि बाकीचे विषय त्यामानाने खालच्या इयत्तेतले. शाळेने वेळापत्रक त्याच्याभोवती वाकवलं.

आपल्या शाळा वेळापत्रक वाकवतील का? मोठ्या शहरी शाळेत अवघड जातं, कारण चौथीचं गणित पहिल्या तासाला आणि सहावीचं पाचव्या. गंमत अशी की हे सगळ्यात सहज होतं ते दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत असतात, तिसरीला शुद्धलेखन दिलेलं असतं, आणि तिसरीतली एखादी पोरगी शुद्धलेखन अर्धवट टाकून फळ्याकडे बघत बसते. गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौथीच्या आधी तीच देते. गुरुजी शहाणे असले तर रागवत नाहीत, खडू तिच्या हातात देतात. ना अर्ज, ना परवानगी. अशा शाळांना आपण नावं ठेवतो, पण ही सोय महागड्या शाळांत नाही.

शहरात काय करावं? वर्गशिक्षकांना एवढंच विचारा की त्याला येत असलेली उदाहरणं परत वीसदा करण्याऐवजी शेवटची अवघड पाच केली तर चालेल का. बहुतेक बाई हो म्हणतात. उरलेल्या वेळात वरच्या वर्गाचं पुस्तक. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. सहावीपासून मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. सहावी आणि नववीला, लेखी, प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन अशी. पुढे ऑलिंपियाडचा मार्ग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे जातो. या परीक्षांचं बरं म्हणजे त्यात पुढच्या इयत्तेचं घाईघाईने उरकणं नसतं, आहे तेच खोल खणावं लागतं. शाळेतल्या प्रश्नाला दोन मिनिटं लागतात, ऑलिंपियाडच्या एका प्रश्नावर आख्खी संध्याकाळ जाते. आयुष्यात पहिल्यांदा अडलेल्या हुशार मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फक्त ‘फाउंडेशन’ नावाखाली पाचवीपासून जेईईची पाटी लावणाऱ्या क्लासला हे समजू नका. तिथे आठवीचं सहावीत घोकून घेतात, आणि मग मूल शाळेत दुप्पट कंटाळतं.

वर्षच गाळायचं ठरलं, तर कोणतं?

चौथीच्या आतलं, आणि शाळा बदलतानाच जमलं तर उत्तम. नव्या शाळेत त्याचं ‘पूर्वीचा वर्ग’ असं काही नसतं. पाचवी गाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी माध्यमात हिंदीची सुरुवात वर्षानुवर्षं पाचवीत होत आली आहे, सममूल्य अपूर्णांक तिथे पक्के होतात, पेन्सिल सुटून पेन हातात येतं. सहावीत गणित एकदम जड होतं, मसावि-लसावि, पूर्णांक संख्या, शेकडेवारी, आणि परिसर अभ्यास फुटून विज्ञान, इतिहास, भूगोल वेगळे होतात. आठवीनंतर तर विचारही नको. दहावी तोंडावर असते आणि शरीर-मनाची धांदल चालू असते ती वेगळीच.

गाळलेल्या इयत्तेची पुस्तकं उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा चाळून घ्या. सगळं शिकवू नका, भोकं तेवढी बुजवा. आणि दिवाळीपर्यंत जमलं नाही तर परत मागे यायचं, हे शाळेशी आणि मुलाशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे परत येणं हे नापास होणं वाटत नाही.

वरच्या वर्गात त्याचीच मोठी बहीण आहे. चालेल?

नको. आयोवा विद्यापीठाने या निर्णयासाठी जी मोजपट्टी केली आहे तिच्यातही भावंडाच्या वर्गात बसवणं हे न करण्याचं कारण धरलं आहे. एकाच निकालाच्या दिवशी दोन निकालपत्रकं, आणि लहान भावाला दोन गुण जास्त. त्या बहिणीने काय करायचं?

आम्ही परदेशातून परत येतोय. तिथली इयत्ता इथे धरतात का?

आकड्यावर जाऊ नका, वयावर जा. इंग्लंडमध्ये मूल पाचव्या वर्षी ‘इयर वन’मध्ये असतं, म्हणून तिथला आकडा आपल्यापेक्षा एकाने पुढे वाटतो; इयर थ्री म्हणजे साधारण आपली दुसरी. अमेरिकेत पहिली सहाव्या वर्षीच. इंग्लंडहून आलेल्या मुलाला ‘एक वर्ष मागे टाकलं’ म्हणून काही पालक हट्टाने वरचा वर्ग मागतात आणि मराठी, हिंदी नव्याने शिकणाऱ्या मुलाच्या गळ्यात आणखी एक ओझं अडकवतात.

मुक्त विद्यालयातून लवकर दहावी करता येते ना?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला किमान चौदा वर्षं लागतात, म्हणजे फार तर वर्षभर वाचतं. घरी शिकणाऱ्या, खेळात किंवा संगीतात दिवस घालवणाऱ्या मुलांना ही वाट चांगली आहे. निव्वळ वर्ष वाचवायला शाळा सोडू नका.

मुलगा स्वतः नको म्हणतो. मित्र सुटतील म्हणतो. त्याला काय कळतं?

त्याला पुरेसं कळतं. मूल नको म्हणत असेल तर विषय तिथे थांबवा. आठवडाभर वरच्या वर्गात पाहुणा म्हणून बसवून बघायला हरकत नाही, पण त्यानंतरही नको म्हणाला तर नको. उलटही बघा. मूल ‘हो’ म्हणतंय ते वरच्या वर्गातल्या गणितासाठी, की बाबा फोनवर सगळ्यांना सांगताना खुश दिसतात म्हणून?

शाळेत बोलायला जाताना काय घेऊन जावं?

‘आमचं मूल वर्गात कंटाळतं’ या वाक्याने सुरुवात केली की बाईंना ते स्वतःच्या शिकवण्यावर घेतल्यासारखं वाटतं आणि बोलणं तिथेच संपतं. ‘घरी हे असं करतो, तुम्हाला वर्गात काय दिसतं?’ असं विचारा आणि आधी त्यांचं ऐका. घरी त्याने आपणहून केलेल्या गोष्टी न्या: वह्या, आकृत्या, लिहिलेल्या गोष्टी. क्लासची प्रमाणपत्रं आणि चषक घरी राहू द्या. चाचणीचा अहवाल असेल तर त्याची प्रत. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, मूळ जन्मदाखल्याच्या प्रतीसह, आणि मागणी एकच व नेमकी: ‘गणिताच्या तासाला पाचवीच्या वर्गात बसू द्यावे, दिवाळीनंतर आढावा घ्यावा.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.